वंशावळीत सातारा-सांगली कुठे आहे?

‘फ्लूच्या विषाणूची वंशावळ काढून साताऱ्याच्या रुग्णाला काय मिळणार? साथ पुण्या-मुंबईहून येते, औषध ठरलेलं आहे. ते द्यावं आणि मोकळं व्हावं.’ हे मत मी दवाखान्यांत ऐकलं आहे, पंचायत समितीच्या बैठकीत ऐकलं आहे, आणि आरोग्य खात्यात उभं आयुष्य घालवलेल्या, कामाला वाघ असलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. व्हेंटिलेटरसाठी रात्री कराडहून मिरजेला धावणाऱ्या नातेवाइकांना विषाणूच्या शाखा-उपशाखांत रस नसतो, हेही मान्य. तरीसुद्धा हे मत चुकीचं आहे. त्यातली तिन्ही विधानं, म्हणजे साथ बाहेरून येते, औषध ठरलेलं आहे आणि वंशावळीचा इथे उपयोग नाही, पुराव्यापुढे टिकत नाहीत. आणि ती खरी धरून चालल्याची किंमत या दोन जिल्ह्यांतली माणसं मोजतात, म्हणून हा प्रतिवाद.

‘साथ बाहेरून येते’ या समजुतीला मोठा इतिहास आहे, आणि तो खोटा नाही. १९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने आडवे झाले, तिथून पहिली लाट सुरू झाली. सप्टेंबरात दुसरी आली, ती जीव घेणारी होती. गिरण्यांतले घाटी कामगार गावाकडे निघाले आणि ताप त्यांच्याबरोबर घाट चढला. पुणे-मिरज रेल्वेने तो पुढे गेला. आपल्याकडे या साथीला मानमोडी म्हणत. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे मानमोडीच्या हिशेबात हे दोन जिल्हे बरेचसे एकच घर होते. १९११ ते १९२१ या दशकात या घरातली माणसं वाढायच्या ऐवजी घटली. त्यात प्लेगचाही वाटा होता. देशभरात मानमोडीने एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत बळी घेतल्याचे वेगवेगळे अंदाज आहेत, आणि संपूर्ण देशाची लोकसंख्या घटलेलं जनगणनेतलं ते एकमेव दशक आहे.

तेव्हा साथ बाहेरून आली होती, यात वाद नाही. पण त्या एका घटनेवरून आपण कायमचा नियम करून टाकला. १९१८चा विषाणू नंतर नाहीसा झाला नाही. त्याची पिलावळ १९५७ पर्यंत माणसांत फिरत राहिली आणि १९७७ मध्ये पुन्हा अवतरली. मग दरवर्षी पावसाळ्यात वाई, कोरेगाव, विटा, जतला जो ताप येतो, तो दरवेळी नव्याने पाहुणा म्हणून येतो, की इथेच कुठेतरी कमी आचेवर धुमसत राहून पावसाबरोबर पेटतो? ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा मारलेल्या हजार अहवालांवरूनही या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. ते फक्त वंशावळीतून मिळतं.

ही वंशावळ निघते कशी, ते सांगायला हवं. फ्लूच्या विषाणूचा जनुकीय मजकूर आठ तुकड्यांत असतो. त्यातला हिमॅग्लुटिनिनचा तुकडा साधारण सतराशे अक्षरांचा. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो, आणि या तुकड्यात वर्षाला साधारण पाच ते दहा चुका टिकून राहतात. या चुका वारशाने पुढे जातात. म्हणून दोन रुग्णांकडच्या विषाणूंत कोणत्या चुका समान आहेत आणि कोणत्या वेगळ्या, हे पाहिलं की त्यांचा समान पूर्वज साधारण केव्हा होऊन गेला, हे काढता येतं. असे शेकडो, हजारो मजकूर शेजारी ठेवले की झाड उभं राहतं. फांदीवर गावं आणि तारखा लिहिल्या की विषाणूचा प्रवास दिसू लागतो. आपल्याकडे गावोगाव येणारे हेळवी नेमकं हेच करतात. तुमचा मूळ पुरुष कुठून आला, कोणती शाखा किती पिढ्यांपूर्वी कोणत्या गावी गेली, हे ते वहीतून वाचून दाखवतात. हेळव्याची वही जितकी घरं फिरली असेल तितकीच ती खरी, हेही लक्षात ठेवावं. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता पुरावा. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये कॉलिन रसेल, डेरेक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या सुमारे १३ हजार एच३एन२ (माणसांतल्या फ्लूची एक जात) विषाणूंचा अभ्यास छापला. पूर्व आणि आग्नेय आशियातल्या देशांत साथी एकमेकींना लागून, आलटून-पालटून चालतात आणि तिथूनच दरवर्षी नवे वंशज उरलेल्या जगात जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या चित्रात भारत कडेला होता. सात वर्षांनी, २०१५ मध्ये, ट्रेव्हर बेडफर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये २००० ते २०१२ या काळातल्या ९,६०४ मजकुरांवरून नवं चित्र काढलं. यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, मनदीप चढ्ढा आणि वर्षा पोतदार या सहलेखिका आहेत. एच३एन२ खरोखरच वेगाने जगभर फिरतो आणि दरवर्षी जुनी पालवी झडून नवी येते, पण त्याच्या उगमप्रदेशात आग्नेय आशिया आणि चीनबरोबर भारतही आहे. एच१एन१ आणि बी या जातींची गोष्ट आणखी वेगळी निघाली. त्यांचे वंश एकेका प्रदेशात अनेक हंगाम टिकून राहतात, आणि असे दीर्घकाळ टिकलेले वंश भारतात सापडले. त्यांनी दिलेलं एक कारण मला फार बोलकं वाटतं: या जाती मुलांना जास्त धरतात, आणि मुलं मोठ्यांपेक्षा विमानाने कमी फिरतात.

म्हणजे ‘साथ बाहेरून येते’ हे विधान एका जातीबाबत अर्धं खरं आहे आणि दुसऱ्या दोन जातींबाबत बरंचसं खोटं. आपण नुसते घेणारे नाही, देणारेही आहोत. आणि आपल्या भागातल्या वाटा तरी किती! खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या सराफ कट्ट्यांवर सोनं-चांदी गाळतात आणि यात्रेला, दिवाळीला गावी येतात. माण-खटावचे माथाडी मुंबई-वाशीच्या बाजारात असतात. दसरा-दिवाळीनंतर बीडच्या ऊसतोड टोळ्या वारणा-कृष्णेच्या काठी उतरतात. माऊलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तीही पावसाच्या तोंडावर. पाचगणीच्या निवासी शाळांत देशोदेशीची मुलं एका छताखाली झोपतात. विषाणूला विमानतळ लागतोच असं नाही. फलटणचा ताप पुण्याचा की पंढरपूरचा, हे फलटणच्याच विषाणूचा मजकूर वाचल्याशिवाय कोण सांगणार?

दुसरं विधान औषधाचं. ‘ठरलेलं औषध’ म्हणजे ऑसेल्टामिविर. २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेतल्या प्रयोगशाळांच्या लक्षात आलं की नेहमीच्या हंगामी एच१एन१च्या मोठ्या हिश्शाला हे औषध लागू पडत नाही. न्यूरामिनिडेज या प्रथिनातला एकच घटक बदलला होता. गंमत अशी नव्हे, भीती अशी की नॉर्वेत हे औषध फारसं वापरलंच जात नव्हतं. बदललेला विषाणू औषधाच्या माराशिवायच जोमाने पसरत होता. पुढच्या हंगामापर्यंत जगाच्या बऱ्याच भागांत हंगामी एच१एन१ जवळजवळ सगळाच औषधाला दाद न देणारा झाला. २००९चा नवा एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा, विषाणू आला, त्याने या वंशाला हटवलं, आणि नव्याला औषध लागू पडत होतं, एवढंच आपलं नशीब. ज्या खात्याचं सगळं धोरण एका गोळीवर उभं आहे, त्याने तर विषाणूच्या मजकुरावर सगळ्यांत आधी डोळा ठेवायला हवा.

तिसरं विधान उपयोगाचं. २००९चा उल्लेख आला, तर दोषारोपाचंही बोललं पाहिजे. त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातला तो पहिला बळी. त्यानंतरच्या पंधरवड्यात पुण्याहून गावी आलेल्या माणसाकडे लोक कसे पाहत होते, हे साताऱ्यातल्या कुणालाही आठवत असेल. कुणाच्या घरी कोण अमेरिकेहून आलं होतं, कुणामुळे साथ आली, याच्या कहाण्या चावडीवर रंगत होत्या. एनआयव्हीने त्या वर्षीच्या विषाणूंचे मजकूर वाचले तेव्हा ते एका शाखेचे निघाले नाहीत. बहुतेक एका शाखेत होते, पण दुसऱ्या शाखेचेही होते. म्हणजे विषाणू देशात एकदाच, एका माणसाबरोबर आला नव्हता. वेगवेगळ्या दारांनी, वेगवेगळ्या वेळी आला होता. एका कुटुंबाला, एका शाळेला, एका सहलीला बोल लावणाऱ्या सगळ्या कहाण्या या एका निष्कर्षाने निकालात निघतात. विषाणूचं मूळही असंच शोधलं गेलं. त्याच्या आठ तुकड्यांपैकी काही उत्तर अमेरिकेतल्या डुकरांच्या विषाणूंतून, काही युरोप-आशियातल्या डुकरांच्या विषाणूंतून आलेले होते, आणि पुढे २०१६ मध्ये त्यांचा मिलाफ मध्य मेक्सिकोतल्या डुकरांपर्यंत मागे नेता आला. वंशावळ संशयाला पुराव्याच्या जागी बसू देत नाही. लोकांच्या इज्जतीचा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांना या विद्येचं मोल कळायला हवं.

सगळ्यांत मोठा धडा मात्र २०१५चा आहे, आणि तो आपण गिरवला नाही. त्या वर्षी देशात एच१एन१चे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, जवळपास तीन हजार माणसं दगावली; एकट्या महाराष्ट्रात ९०० हून अधिक. मार्चमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे कन्नन थारकरामन आणि राम शशिशेखरन यांनी एक शोधनिबंध छापला: २०१४ मधल्या भारतीय विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये असे बदल दिसतात की तो अधिक घातक असू शकतो. वृत्तपत्रांत खळबळ उडाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते फेटाळलं. एनआयव्हीने सांगितलं की विषाणू २००९च्या महासाथीतल्या, तेव्हाच्या लशीत असलेल्या कॅलिफोर्निया विषाणूसारखाच आहे. आपल्याकडे ही बातमी दोन पक्षांच्या भांडणासारखी वाचली गेली. कुणी म्हणालं सरकार लपवतंय, कुणी म्हणालं परदेशी लोक बदनामी करतात.

भांडणाचं मूळ एमआयटीच्या निवेदनातच होतं: आधीच्या दोन वर्षांत भारतातून सार्वजनिक संग्रहांत या तुकड्याचे फक्त दोन मजकूर जमा झाले होते. एवढा मोठा देश, आणि दोन मजकूर! दोन विषाणूंवरून देशाच्या साथीविषयी एवढं मोठं बोलणं घाईचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याला उत्तर म्हणून ‘काही बदललेलं नाही’ एवढंच सांगणं, आणि कुणालाही स्वतः पडताळून पाहता येतील असे शे-दोनशे मजकूर समोर न ठेवणं, हेही उत्तर नव्हतं. विषाणू २००९ पासून जागचा हललाच नव्हता, असंही नाही. त्याची शाखा पुढे सरकली होती, लशीशी जुळणं मात्र बऱ्यापैकी शाबूत होतं. हे सगळं शांतपणे, आकड्यांनिशी सांगता आलं असतं. त्या महिन्यांत मिरजेच्या अतिदक्षता कक्षात झोपलेल्या रुग्णाच्या विषाणूविषयी अमेरिकेत आणि दिल्लीत वाद चालला होता, आणि त्या वादात मिरजेचा विषाणू साक्षीला नव्हता.

दोन वर्षांनी या दुर्लक्षाची झळ थेट दंडापर्यंत आली. फ्लूच्या लशीत कोणता विषाणू घालायचा हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीच्या सुमारास उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. सप्टेंबर २०१६ मध्ये दक्षिणेच्या लशीतून कॅलिफोर्निया काढून मिशिगन विषाणू घातला गेला, कारण नव्या शाखेला विशेषतः मध्यमवयीन माणसांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं नीट ओळखत नव्हती. २०१७च्या पावसाळ्यात भारतात फिरणारा विषाणू मिशिगनसारखाच आहे, असं एनआयव्हीने सांगितलं. त्या वर्षी महाराष्ट्रात साडेसातशेहून अधिक मृत्यू झाले. आता त्या वर्षीच्या लशीच्या खोक्याकडे पाहा. त्यावर बारीक अक्षरांत ‘एनएच २०१६-१७’ किंवा ‘एसएच २०१७’ असं छापलेलं होतं. पहिल्यात जुना कॅलिफोर्निया, दुसऱ्यात मिशिगन. भारत उत्तर गोलार्धात आहे म्हणून सरळ मनाने ‘एनएच’चं खोकं उचललं, तर त्या मे महिन्यात जुनी लस टोचली जात होती.

हा गोंधळ वंशावळीने आणि नमुन्यांच्या हिशेबानेच सुटतो. २०१५ मध्येच मनदीप चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की भारताच्या बहुतेक भागांत फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, श्रीनगरला हिवाळ्यात, आणि चेन्नईच्या बाजूला परतीच्या पावसात. म्हणून आपल्याकडे लस एप्रिल-मे मध्ये टोचायला हवी. साताऱ्याचा विषाणू भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे वागत नाही, तो मृगाप्रमाणे वागतो. राज्य सरकारने २०१५ मध्ये जोखमीच्या गरोदर महिलांसाठी मोफत लस सुरू केली, हे चांगलंच केलं; पण कोणती लस आणि कोणत्या महिन्यात, हे ज्या माहितीवर ठरतं ती माहिती गोळा करण्याला आपण चैन म्हणतो, याला काय म्हणावं?

विरोधकांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. जिथे जास्त नमुने वाचले जातात तिथेच झाडाची मुळं दिसतात. ज्या देशाने, ज्या जिल्ह्याने नमुने दिले नाहीत तो झाडावर नसतोच. मग अशा झाडावर विश्वास कसा ठेवायचा? २००८च्या चित्रात कडेला असलेला भारत २०१५च्या चित्रात उगमप्रदेशांत आला, तो काही भारत बदलला म्हणून नव्हे. हेळवी ज्या घरी गेला नाही ते घर वहीत नाही. मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. वही अपुरी असेल तर आणखी घरं फिरली पाहिजेत.

‘खेड्यातल्या नमुन्यातून काय मिळणार’ म्हणणाऱ्यांना मेळघाट दाखवावा. तिथल्या ९३ गावांत श्वसनविकारांच्या एका वेगळ्याच विषाणूसाठी पाहणी चालू होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सतरा महिन्यांच्या एका मुलाचा नमुना पुण्याला आला, आणि त्यात निघाला एच९एन२, कोंबड्यांतला विषाणू. माणसाला तो झाल्याची ही भारतातली पहिली नोंद. २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ सापडला तेव्हा अंडी-कोंबडीचे भाव कोसळून सांगली-साताऱ्याचे कुक्कुटपालकही पोळले होते. त्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला ताप आला, तर तो कसला हे विचारण्याचा हक्क त्याला आहे.

आपला नमुना देऊन परदेशी कंपन्यांचं भलं का करायचं, असाही एक सूर असतो. हा सूर मी हलक्यात घेत नाही. इंडोनेशियाने २००७ मध्ये याच कारणाने एच५एन१चे नमुने देणं थांबवलं होतं, आणि त्या ताणातूनच देणाऱ्याचा हक्क मानणारा जीआयएसएआयडी हा संग्रह २००८ मध्ये उभा राहिला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने महासाथीच्या विषाणूंसाठी देवाणघेवाणीची चौकट केली; नमुन्यांवर नफा कमावणाऱ्यांनी लस, औषध किंवा पैसा परत द्यायचा. हंगामी फ्लू त्या चौकटीत नाही, ही उणीव आहे आणि त्यासाठी भांडलं पाहिजे. पण ज्याच्याकडे स्वतःचे मजकूरच नाहीत, तो कशाच्या जोरावर भांडणार?

नमुना कसा जातो ते एकदा जवळून पाहावं. नाकातून, घशातून स्वॅब फिरवायचा, पेशंट ओकारी काढतो. स्वॅबची काडी गुलाबी द्रावणाच्या नळीत मोडायची, झाकण घट्ट करून नाव-वय-तारीख लिहायची, बर्फाच्या पेटीत उभी ठेवायची, आणि गाडी खंबाटकी, कात्रज ओलांडून पुण्याला. एवढ्या यातायातीनंतर मिळतो एक शब्द, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. बहुतेक नमुन्यांचं आयुष्य तिथेच संपतं. आतला मजकूर कुणी वाचत नाही. कोविडने पीसीआरची यंत्रं मिरजेपर्यंत आणली, माणसं तयार केली. आता पुढची पायरी आवाक्याबाहेर नाही. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, एवढ्या तीन ठिकाणांहून पावसाळ्यातल्या दर आठवड्याला मोजके पॉझिटिव्ह नमुने तारीख, वय आणि तालुक्यासह सिक्वेन्सिंगला, म्हणजे मजकूर वाचायला, जावेत, आणि त्यांचे मजकूर महिनाभरात संग्रहात पडावेत. सगळे नमुने वाचायची गरज नाही. मात्र निवड नियमाने व्हावी, फक्त अत्यवस्थ रुग्णांची नको, कारण मग झाड पुन्हा वाकडं वाढेल.

वेळेचं गणितही आपल्याला अनुकूल आहे. आपल्याकडे फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर, आणि आपल्याला उपयोगी पडणारी दक्षिण गोलार्धाची लस सप्टेंबरच्या शेवटी ठरते. जुलैत कोरेगावात घेतलेला नमुना ऑगस्टअखेर वाचून झाला, तर त्या बैठकीपुढच्या झाडावर त्याची फांदी असेल आणि पुढच्या मे महिन्यात कोरेगावच्या गरोदर बाईच्या दंडात जाणाऱ्या लशीत त्याचा विचार झालेला असेल. तोच नमुना दिवाळीनंतर वाचला गेला, तर तो एका वर्षाने मागे पडतो.